आत्याच्या गालातली गोळी

आत्याचा डावा गाल फुगलेला दिसला की ओळखावं, कोर्टावर आऊ खेळते आहे.

गालात लिमलेटची गोळी असायची. ती चघळायची नाही, फोडायची तर नाहीच नाही. जिभेनं गालाशी दाबून धरायची, ओठ मिटायचे आणि सामना संपेपर्यंत शहाण्या बाळासारखं बसायचं. हा नेम आऊनंच घालून दिलेला, आणि त्याला कारणही तसंच होतं. आत्याचा उभा जन्म शाळेच्या मैदानावर खेळाच्या बाई म्हणून गेला. तिच्या आवाजापुढे शिट्टी लाजायची. त्या शाळेची पायरी कधी न चढलेली, पलीकडच्या रस्त्यानं आपल्या वाटेनं जाणारी माणसंसुद्धा तिच्या 'सावधान'ला जागच्या जागी उभी राहायची. असला आवाज टेनिसच्या कोर्टाशेजारी गप्प बसवायचा म्हणजे मांजरीला दुधाची राखण सांगण्यातलाच प्रकार.

"आत्या, तू ओरडलीस की माझा हात दचकतो," आऊ म्हणाली होती.

"हात दचकत असेल. पाय तर पळतात ना?"

"पाय माझे मी पळवते गं."

"तर तर! मी हाक मारली की पळतेस. एवढीशी होतीस तेव्हापासून बघते आहे मी."

हा वाद कधी मिटला नाही. गोळी ही त्या वादावरची तडजोड.

आऊ म्हणजे आत्याच्या धाकट्या भावाची लेक. भावाचं इस्त्रीचं दुकान. ही पोर चार पावलं टाकायला लागली तशी कमरेवर हात ठेवून दुकानाच्या दारात उभी राहायची आणि गिऱ्हाइकाला विचारायची, "काय हो, कपडे घालता की चावता?" आत्यानं ते एकदा ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "आली बाई आमची आऊबाई! हिला बाळपण नाहीच, ही थेट म्हातारीच होऊन आली." तेव्हापासून ती आऊ. खरं नाव शाळेच्या दाखल्यात आणि सामन्यांच्या तक्त्यात तेवढं राहिलं.

दुकानामागं एक आंधळी भिंत होती, खिडकी ना झरोका. त्या भिंतीवर आऊ टेनिस शिकली. आत्या शाळेतून आली की पर्स खुंटीला आणि पदर कमरेला. भिंतीवर चेंडू, चेंडूमागं पोर आणि पोरीमागं आत्याचं गाणं:

"एक टप्पा पायापाशी,
दुसरा टप्पा रेघेपाशी,
तिसरा टप्पा जाईल कुठं?
माझी आऊ आहे तिथं!"

टेनिसमध्ये दुसऱ्या टप्प्यालाच गुण जातो, तिसरा टप्पा आणायचा कुठून, असं भाऊ इस्त्री फिरवता फिरवता विचारायचा. "गाण्याला कधी पंच असतो का रे?" आत्या म्हणायची. आणि 'आऊ' या शब्दावर पोर उडी मारून चेंडू गाठायची. आत्याच्या मनात एक गोष्ट तेव्हाच पक्की बसली. आपण हाक मारायची, तिनं पळायचं. देवानं जोडी अशी घडवली आहे.

आता आऊ मोठी झाली होती. व्यावसायिक खेळाडू म्हणत तिला. शब्द रेशमी, अस्तर मात्र मांजरपाटाचं. गावोगावच्या स्पर्धा, लांबच्या बसगाड्या, स्वस्तातल्या खोल्या. खोलीत एकच पलंग, त्यावर दोघी पाठीला पाठ लावून निजायच्या. बेसिनमध्ये धुतलेले मोजे खिडकीच्या कडीला लटकायचे. आत्या पाय पसरून बसायची आणि रॅकेटच्या मुठीवर नवी पट्टी अशी गुंडाळायची की जणू पोराचं दुखरं बोटच बांधते आहे. जगाच्या क्रमवारीत आऊचं नाव होतं, पण तळाला. भाऊ दुकानातल्या गिऱ्हाइकांना मोबाइलवर दाखवायचा. "सरकवत राहा. अजून. बोट दुखायला लागलं ना? मग आता येईल माझी लेक."

पण भावाचे गुडघे गेले होते. इस्त्रीसमोर दिवसभर उभं राहणं आता जमत नव्हतं. आऊनं स्वतःच सांगून टाकलं होतं, "यंदाचा मोसम शेवटचा, बाबा. काही झालं तर झालं, नाहीतर इस्त्री माझ्या हातात." बोलली हसून, पण आऊबाईचा शब्द होता तो. आत्याला ठाऊक होतं, ही फिरवायची नाही.

म्हणून आजचा दिवस मोठा.

आज कोर्टाच्या कडेला शिडीवाल्या बाई येऊन बसल्या होत्या. तळाच्या खेळाडूंना हाताला धरून वर चढवायचं, त्यांना प्रशिक्षक द्यायचा, अंग रगडायला माणूस द्यायचा, प्रवासाची सोय करून द्यायची, असं काम करणारा एक लहानसा संघ होता. खेळाडू आपसांत त्याला 'शिडी' म्हणत. बाई त्याच्या मुख्य. उंच, सडपातळ, डोळ्यांवर काळा चष्मा, त्यामुळे बघतात कुठे ते कळायचं नाही. मोसमासाठी त्यांना एक मुलगी हवी होती. आज त्या आऊला बघायला आल्या होत्या, आणि आजचा सामना जिंकला तर आऊ पात्रता फेरीतून मुख्य स्पर्धेत जाणार होती.

समोर होती एक लांब वेणीची मुलगी. चेंडू मारला की वेणी उडून दुसऱ्या खांद्यावर पडायची. तिचे वडील आत्याच्या शेजारीच बसले होते, हातात लेकीचा टॉवेल, घशात खोकला. ऐन सर्व्हिसच्या वेळी त्यांना उबळ यायची आणि लेक डोळे वटारायची.

"घरी बसा म्हणते मला," ते कुजबुजले. "घरी बसलो तर छातीत धडधडतं. इथं बसलो तर खोकला येतो. बापानं जावं कुठं?"

आत्यानं मान हलवली. बोलायची सोय नव्हती, गालात गोळी.

खालच्या पातळीवरच्या या सामन्यांत रेघेवर नजर ठेवायला माणसं नसतात. आपल्या बाजूला पडलेला चेंडू बाहेर गेला तर खेळाडूनंच 'आऊट' म्हणायचं, आणि समोरच्यानं ते मानायचं. पंच एकच, तो या कोर्टावरून त्या कोर्टावर फिरत राहतो. सगळा कारभार एकमेकींच्या जिभेवर. वेणीवाली आणि आऊ दोघी तशा सरळ. पहिला सेट हिचा, दुसरा तिचा, तिसरा लोंबकळत चाललेला. ऊन उतरत होतं, जाळीची सावली लांब होऊन कोर्टभर पसरली होती.

वडिलांना पुन्हा उबळ आली. आता मात्र त्यांनी तोंडावर टॉवेल दाबला आणि डोळ्यांतून पाणी काढलं. आत्यानं पर्समध्ये हात घातला. एक गोळी उरली होती, तिसऱ्या सेटसाठी राखलेली. गालातली तर पातळ होत होत पापुद्र्याएवढी झाली होती. आत्यानं कोर्टाकडे पाहिलं, त्या बापाकडे पाहिलं. प्रतिस्पर्ध्याचा असला तरी बापच तो. तिनं गोळी त्यांच्या हातावर ठेवली.

"देव भलं करो तुमचं," ते म्हणाले आणि गोळी गालात सारून गप्प झाले.

आत्याच्या गालातला पापुद्रा कधी विरघळला ते तिला कळलंच नाही. कारण त्याच वेळी आऊला सामना जिंकायला एकच गुण हवा होता.

पंच शेजारच्या कोर्टावरून नुकताच इकडे वळला होता. आऊनं सर्व्हिस केली. चेंडू गेला, आला, गेला, आला. वेणीवालीनं एक असा फटका हाणला की चेंडू पार मागच्या कोपऱ्यात, रेघेला चाटून पडला. आऊ दुसऱ्या टोकाला होती. ती सुटली. आत्याचे ओठ उघडले, आणि मैदानाची सवय असलेला तो आवाज मोकळा सुटला.

"आऊऽ!"

आऊनं घसरत, वाकत, रॅकेटच्या टोकानं चेंडू कसाबसा वर उचलला. उंच, दुबळा, कोणीही ठोकून काढावा असा. पण वेणीवालीनं रॅकेट खाली केली होती. ती हातानं घाम पुसत उभी राहिली. चेंडू तिच्या बाजूला आत, अगदी मधोमध टपकला आणि लोळत मागच्या कुंपणापाशी जाऊन थांबला.

पंच जाळीपाशी आला.

"गुण?" पंच म्हणाला.

"गुण कसला?" वेणीवाली म्हणाली. "तिनं माझा चेंडू आऊट दिला ना! म्हणून तर मी थांबले. आणि तो आऊट नव्हताच, रेघेवर होता."

"मी काहीच म्हणाले नाही," आऊ म्हणाली. "चेंडू आतच होता."

"मी ऐकलं!"

तेवढ्यात वडील उठले. "शाहेब!" गालात गोळी, त्यामुळे 'स'चा 'श' झालेला. "आवाज इथूनच आला! या बाई म्हणाल्या आऊट!"

"मी? मी आऊट नाही म्हणाले!" आत्या उभी राहिली. "मी आऊ म्हणाले!"

"आऊ म्हणजे?" पंच.

"आऊ म्हणजे ती!"

"ती आऊट?"

"अहो, ती आऊट नाही, ती आऊ! ही आमची आऊ! नाव आहे तिचं!"

शेजारच्या कोर्टावरचा खेळ थांबला. कोणीतरी फिसकन हसलं. पंचानं टोपी काढून डोकं खाजवलं, पुन्हा घातली.

"बघणाऱ्यांनी काहीही म्हटलं तरी खेळाडूला थांबता येत नाही," तो म्हणाला. "खेळाडूनं आऊट दिलेला नाही. चेंडू आत पडला. गुण हिचा. सामना हिचा."

वेणीवालीनं वेणी पुढे घेतली आणि टोकाशी चाळा करत राहिली, लहान मुली रडू आवरायला करतात तसा.

आऊनं वळून आत्याकडे पाहिलं. आत्याचं सगळं अंग त्या क्षणी एकच गोष्ट म्हणत होतं. घे. नियमानं आलंय, चोरीचं नाही, पदरात घे आणि चल. बाबाचे गुडघे, दुकान, काळ्या चष्म्याच्या बाई, सगळं या एका गुणावर टांगलंय. घे गं पोरी. तोंडातून मात्र एक अक्षर निघेना. गोळी नसताना आत्या पहिल्यांदाच गप्प होती.

"साहेब, हा गुण परत खेळू द्या," आऊ म्हणाली.

"गरज नाही."

"ठाऊक आहे. पण ती माझ्या घरच्या आवाजाला थांबली."

पंचानं दोघींकडे पाहिलं. "दोघी राजी असाल तर खेळा. मी काही पाहिलं नाही म्हणेन. पण या बाई..."

"चालले," आत्या म्हणाली. तिनं पर्स उचलली. "माझं तोंड माझ्याबरोबर घेऊन चालले."

कोर्टाच्या मागं सरावाची भिंत होती, सिमेंटची, चेंडूंच्या डागांनी माखलेली. आत्या तिच्या सावलीला जाऊन उभी राहिली. इथून काही दिसत नव्हतं. ऐकू तेवढं येत होतं. आऊच्या रॅकेटचा आवाज कसा, भरल्या मडक्यावर टिचकी मारावी तसा. वेणीवालीचा कोरडा, फळीसारखा. भरलं मडकं, फळी, भरलं मडकं, फळी. आत्यानं डोळे मिटले आणि ओठातल्या ओठात, स्वतःलाही ऐकू जाणार नाही असं म्हटलं, एक टप्पा पायापाशी, दुसरा टप्पा रेघेपाशी. पुढची ओळ आली की ती थांबायची. शेवटच्या ओळीत तो शब्द होता ना.

मडक्याचा आवाज हळूहळू दबत चालला. आत्याच्या कानांना ते आधी कळलं, मनानं नंतर मान्य केलं. मग टाळ्या वाजल्या. टाळ्यांना काही कुणाचं नाव नसतं. आत्या भिंतीला हात टेकून उभी राहिली.

बुटांची चरचर जवळ आली.

"हरले," आऊ म्हणाली.

आत्यानं तिचा घामेजलेला चेहरा दोन्ही हातांत धरला.

"माझ्यामुळे गं."

"गोळी कुठे गेली होती?"

"त्या वेणीवालीच्या बापाच्या गालात."

आऊ बघतच राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि हसत सुटली, हसता हसता रडली, रडता रडता पुन्हा हसली. "शत्रूच्या गोटात दारूगोळा पाठवलास, आत्या!"

"खोकत होता बिचारा!"

"हो ना. मग देणारच तू."

शिडीवाल्या बाई कोपऱ्यावरून आल्या तेव्हा दोघी जमिनीवर बसून एकाच पदराला डोळे पुसत होत्या. आत्या धडपडत उठली.

"बाई, पोरीचा दोष नाही. माझ्या तोंडाचा दोष आहे. त्यासाठी तिला नाकारू नका. मी यापुढे कोर्टाच्या वाऱ्यालासुद्धा उभी राहणार नाही."

बाईंनी चष्मा काढला. डोळे दमलेले होते, पण रागीट नव्हते.

"गुण परत दिला ते तिचं ती जाणे," त्या म्हणाल्या. "मला विचाराल तर मी घेतला असता. आणि त्यानंतर तिचा हात आखडला, फटके आखूड पडायला लागले, ते मला मुळीच आवडलेलं नाही. त्यावर पुष्कळ घाम गाळावा लागेल."

आत्यानं पर्स छातीशी धरली.

"पण त्या कोपऱ्यातल्या चेंडूचं मला विचारायचं आहे. तिथं ती पोहोचली कशी?"

"मी हाक मारली ना," आत्या म्हणाली. "मी हाक मारली की ती पळते."

"नाही. मी तिच्या पायांकडेच बघत होते. माझं कामच ते. चेंडू वेणीवालीच्या रॅकेटला लागायच्या आधी हिचा पाय निघाला होता. समोरचीचा खांदा बघून तिनं ओळखलं. तुमची हाक त्यानंतर आली."

"छे! भलतंच काय."

"तिलाच विचारा."

आत्यानं आऊकडे पाहिलं. आऊ बुटाची नाडी सोडत होती. सुटलेली नाडी तिनं पुन्हा बांधली, पुन्हा सोडली.

"आऊ?"

"मी आधीच निघते, आत्या. केव्हापासूनच."

"केव्हापासून म्हणजे?"

"दुकानामागच्या भिंतीपासून."

इतक्या वर्षांची आपली समजूत आत्यानं मनात उलटीपालटी करून पाहिली, घडी मोडून पुन्हा घातली.

"मग मी एवढा घसा कशाला फोडला गं?"

"तुला बरं वाटायचं." आऊनं नाक ओढलं. "मलाही वाटायचं."

बाईंनी चष्मा परत चढवला. "परवा सकाळी गाडी निघते. संपूर्ण मोसम. घरच्यांना विचारून घ्या. आणि एक सांगून ठेवते, वाईट वाटून घेऊ नका. गाडीत खेळाडूंपुरतीच जागा आहे."

"आत्यांना नाही," आत्या म्हणाली.

"आत्यांना नाही."

आऊ काहीतरी बोलणार होती. कमरेवर हातही गेला होता. आत्यानं तो हात खाली केला. "म्हातारीसारखी मध्ये बोलू नकोस. मला दुकान बघायचं आहे. तुझ्या बापाचे गुडघे कोण बघणार? आणि त्याच्या गिऱ्हाइकांना कपडे चावता का म्हणून कोणी विचारायला नको?"

त्या रात्री खोलीत दोघी पाठीला पाठ लावून पडल्या. आत्यानं सगळ्या रॅकेटच्या मुठी नव्यानं बांधल्या होत्या, चांगल्या होत्या त्यासुद्धा.

गाडी निघायच्या सकाळी वेणीवालीचे वडील आले. लेक मुख्य स्पर्धेत खेळणार म्हणून ते मुक्कामी राहिले होते. खोकला बरा होता. आत्याच्या हातात त्यांनी लिमलेटच्या गोळ्यांचं भलंमोठं पाकीट ठेवलं आणि अवघडून म्हणाले, "ताई, तुमची एक गोळी माझ्याकडे होती."

"एवढ्या कोण खाणार, दादा?"

"अहो, मोसम मोठा आहे."

गाडी उभी होती. पोरी चढत होत्या, बॅगा आत जात होत्या. आऊ खिडकीशी बसली. आत्यानं पाकीट फाडलं आणि गोळी गालात टाकली, डाव्या. ओठ मिटले. रडायचं नाही, ओरडायचं नाही, पोरीचा पाय मागं ओढायचा नाही.

आऊनं खिडकीची काच सरकवली. "थुंक ती."

आत्यानं मानेनंच नाही म्हटलं.

"आज सामना नाहीये, आत्या! इथं रेघ नाही, पंच नाही. थुंक म्हणते ना!"

गाडी हलली. आत्या दोन पावलं चालली, मग तिनं गोळी तळहातावर काढली, आणि मैदानांना हालवणारा, शिट्टीला लाजवणारा तो आवाज सगळा एकवटून सोडला.

"आऊऽऽ!"

करकचून ब्रेक लागला. ड्रायव्हरनं घाबरून मान बाहेर काढली. "काय झालं? कोण राहिलं आऊट?"

गाडीतून हसण्याचा असा लोट उठला की काळ्या चष्म्याच्या बाईसुद्धा त्यात वाहून गेल्या.

"कोणी नाही राहिलं, काका," आऊचा आवाज आला. "चला तुम्ही. नाव आहे ते माझं."

गाडी वळणावर गेली. आत्या तळहातावरच्या चिकट गोळीकडे बघत उभी राहिली. मग तिनं ती तोंडात टाकली आणि आज पहिल्यांदाच कडाकड फोडून खाल्ली.